कीर्तनकाराची परीक्षा कोणी घ्यावी?



गेल्या वर्षी चैत्रात नगरकडच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. पाचव्या रात्रीचे कीर्तन आमच्याकडे होते. कीर्तन बरे रंगले. लोक हलेनात. उतरल्या घरी ओसरीवर येऊन आम्ही पेलाभर दूध घेतले. (जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये हे तुकोबांचे पथ्य आम्ही पाळतो. दूध अन्नात मोडत नाही अशी आम्ही आमची सोय करून घेतलेली आहे.) तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ भेटीस आले. शेजारच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे ते निवृत्त पाळक. पाळक हा त्यांच्या लोकांचा शब्द, आपण पाद्री म्हणतो. त्या भागात ख्रिस्ती लोकांतही कीर्तनाची चाल एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे त्यांना कीर्तनाचा कान होता. कीर्तन शेवटपर्यंत ऐकले, आणि मग भेटावयास आले.

"बुवा, एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"मंडळी नीट चालवायची तर पाळकाने आधी स्वतःला तपासावं, असा आमच्याकडे दंडक आहे. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. तुमच्याकडे एवढा समाज तुमच्या मागं चालतो. तुम्हांला कोण तपासतं?"

कीर्तनकाराला उत्तराची वाण नसते. आम्ही लगेच म्हणालो, "आम्हांला पांडुरंग तपासतो."

म्हातारा हसला. म्हणाला, "देव तर मलाही तपासणार आहे. पण तो तपासेपर्यंत मंडळीचं काय?"

वाचकहो, यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. रात्री झोपही नीट लागली नाही. सकाळी निघण्यापूर्वी आम्हीच त्यांच्याकडे माणूस पाठवला आणि त्यांच्या त्या पुस्तकांत काय आहे ते विचारून घेतले. त्यांतल्या दोन गोष्टी येथे सांगतो.

सुमारे चौदाशे वर्षांमागे रोमच्या गादीवर ग्रेगरी नावाचा थोर धर्मगुरू बसला. सन ५९० ची गोष्ट. ही गादी आपल्याकडे येऊ नये म्हणून तो लपू पाहत होता. का लपत होतास, असा कोणी ठपका ठेवला, त्याचे उत्तर म्हणून त्याने पाळकांसाठी एक ग्रंथ रचला. ग्रंथाचे चार भाग. या जागेवर कोणी यावे, आल्यावर कसे राहावे, आणि कोणास कसा उपदेश करावा, गरिबाला कसा, श्रीमंताला कसा, हे पहिल्या तिहींत. चौथा भाग अगदी चिमुकला. त्यात एवढेच की, सगळे यथासांग पार पडले म्हणजे उपदेशकाने मागे वळून स्वतःकडे यावे, कारण चांगल्या झालेल्या कामाचाच ताठा माणसाला चढतो. पडलेल्या कीर्तनानंतर आत्मपरीक्षण कोणीही करतो. रंगलेल्या कीर्तनानंतर कर म्हणावं!

दुसरी गोष्ट इंग्लंडातली. किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक होता. त्याचा ग्रंथ १६५६ सालचा, म्हणजे आपल्या तुकोबांच्या प्रयाणानंतर पाच-सात वर्षांचा. त्याच्या मंडळीत आठशेंवर कुटुंबे. हा मनुष्य आणि त्याचा सहायक दर सोमवारी आणि मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेका कुटुंबास भेटत, आठवड्याला पंधरा-सोळा, म्हणजे वर्षात सारा गाव पुरा होई. भेटून विचारायचे काय, तर तुम्हांला काय समजले आहे? तेव्हा त्याला आढळले की वर्षानुवर्षे ज्यांनी उपदेश ऐकला त्यांच्या पदरात पुष्कळदा काहीच पडलेले नव्हते, आणि दहा वर्षांच्या जाहीर उपदेशाने जे झाले नाही ते अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्याने झाले.

आम्हांस कीर्तन करू लागून चाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत दुसऱ्या दिवशी श्रोत्याच्या घरी जाऊन, "बाबा, काल काय कळलं?" असे आम्ही किती वेळा विचारले? एकदाही नाही. कीर्तन कसे झाले हे मात्र पुष्कळांना विचारले. या दोन प्रश्नांतला फरक त्या पाद्रीबाबांमुळे ध्यानात आला.

आता कोणी म्हणेल, आपल्या संप्रदायात काय नियम नाहीत? आहेत, आणि कडक आहेत. कीर्तनाच्या ठिकाणी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला वैरणसुद्धा मागू नये, आणि द्रव्य घेणारा व देणारा दोघेही बुडाले, इतके तुकोबांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती हेच बाळकडू पाजण्यासाठी. आणि योगायोग असा की त्याच १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडून दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे म्हणणारा तो मनुष्य. पुलाच्या त्या टोकालाही त्याला तुकोबांचेच पथ्य आठवले असावे असे आम्हांस वाटते. बिदागी, पाकीट, ठरवाठरवी यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. पैसा मोजता येतो. मोजता येते त्याची परीक्षा सोपी. ज्याने घेतला त्याला घेतल्याचे ठाऊक असते, म्हणून त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

अवघड आहे ते न मोजता येणारे. पाया पडून घेणे, हेच पाहा. आपल्यात लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, ही आपली थोरवी. पण गळ्यात वीणा घेतली की पायांवर पडणाऱ्या डोक्यांची रांग लागते. नमस्कार विण्याला आहे हे आम्ही प्रत्येक नवशिक्याला शिकवतो. स्वतःला ते कितपत कळले होते ते २०२० साली कळले. त्या वर्षी साथीमुळे पायी वारी निघाली नाही. माउलींच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरीस गेल्या. आम्ही घरी बसलो. चार-पाच महिने कीर्तन नाही, सप्ताह नाही, कोणी दाराशी येत नाही. मन उदास असे. आम्ही घरच्यांना म्हणत होतो, वारी चुकली, पांडुरंग अंतरला. एका पहाटे हरिपाठ म्हणताना मनात स्वच्छ आले की पांडुरंग कुठे अंतरला? तो तर येथे आहे. अंतरले आहे ते दुसरेच. आपण "महाराज" या हाकेवाचून उपाशी आहोत. खोटे का सांगा, फार लाज वाटली. पण तेसुद्धा आमचे आम्हांस उमगले नव्हते. साथ आली, लोक यायचे थांबले, तेव्हा उमगले.

येथे पाठशाळेतला एक जुना वाद आठवतो. ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ठरवायचे? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण ज्ञानाबरोबरच येते. ते खोटे असल्याचे मात्र बाहेरून कळते. नैयायिक म्हणतात, तसे नव्हे, खरेपणही बाहेरूनच ठरते. लांबून पाणी दिसले. दिसले म्हणून ते पाणी ठरत नाही, मृगजळही तसेच दिसते. गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. आम्ही तरुणपणी मीमांसकांच्या बाजूने तावातावाने भांडत असू. शास्त्रात कोणाची सरशी व्हावी ते शास्त्री पाहून घेतील. पण समाजापुढे उभा राहणाऱ्याच्या शुद्धतेचा प्रश्न आला की आम्ही आता उघड उघड नैयायिकांकडे आहोत. "माझे मन मला साक्ष देते, मी निर्मळ आहे" ही साक्ष ग्राह्य धरू नये. साक्षीदार आरोपीच्या घरचाच आहे! आणि तहान भागली की नाही हे पाणी सांगत नसते, पिणारा सांगतो.

वेदान्तात दहा जणांचा दृष्टान्त आहे. नदी उतरल्यावर म्होरक्या मोजू लागतो तर नऊच भरतात. सगळ्यांना मोजतो, स्वतःला मोजावयाचे विसरतो, आणि एक बुडाला म्हणून रडत बसतो. शेवटी वाटेने जाणारा तिऱ्हाईत सांगतो की अरे, दहावा तूच. आचार्यांनी तो ब्रह्मज्ञानासाठी योजिला आहे, आम्ही खालच्या पायरीवर वापरतो, याची क्षमा असावी. पण सांगणारा तिऱ्हाईत होता, हे विसरू नये. त्या दहांपैकी कोणी सांगितले नाही.

आमच्या गुरुजींनी आम्हांस एक गोष्ट उतारवयात सांगितली. १९४७ सालच्या १ मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे ही मागणी. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. आमचे गुरुजी तेव्हा तिशीच्या आतले, आणि त्या दिवसांत पंढरीतच होते. ते सांगत, "मी तेव्हा रात्री चोखोबांवर कीर्तन केलं. लोक रडले. मीही रडलो. आणि दिवसा त्या मठाकडे फिरकलो नाही. मला वाटत होतं, हा राजकारणाचा विषय, आपण भजनी माणसं." महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. तिला नमस्कार करून ते रोज देवळात जात. संध्या चुकत नव्हती, एकादशी चुकत नव्हती, मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. "मी स्वतःला रोज तपासत होतो रे," ते म्हणाले, "रोज उत्तीर्ण होत होतो." उपोषण सुटले. गुरुजींना आपले चुकल्याचे पुढे कितीतरी वर्षांनी कळले, आणि तेही आपले आपण नव्हे. एका सप्ताहात मागे बसून ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विचारले, "महाराज, चोखोबा इतकं छान सांगता, त्या वक्ताला तुम्ही कुठं व्हता?"

आम्ही ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. गुरुजींची चूक सांगावयास फारसे धैर्य लागत नाही. आता आमची सांगतो.

आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. शेतकरी मनुष्य, बावीस वाऱ्या झालेल्या. आवाज साधा, पण पहाटेच्या काकड्याला पहिला टाळ त्यांचा. एका वर्षी फलटणच्या मुक्कामी कीर्तनात त्यांचा टाळ जरा पुढे पळाला. दिवसभर चालून थकलेला जीव, होते असे. आम्ही वीणा सावरून म्हणालो, "बुवांचा टाळ बघा, बरडच्या मुक्कामाला जाऊन पोचलासुद्धा! आपण मंडळी अजून फलटणलाच." सगळा मांडव हसला. तेही हसले. विनोद आम्हांस इतका आवडला की पुढे गावोगाव, मुक्कामाची नावे बदलून, तो आम्ही खपवला.

पुढल्या वारीस ते आले नाहीत. वय झाले असेल, असे आम्ही धरून चाललो. तीन वर्षांनी त्यांच्याच गावी कीर्तनाचा योग आला. ते पाया पडावयास आले, आम्हीही वाकलो, आणि विचारले, "बुवा, वारी का सोडलीत?" ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माउली, त्या रातीपासून टाळ हातात घेतला की ध्यान टाळाकडंच जातं. येळेवर पडतोय का न्हाई, येळेवर पडतोय का न्हाई. भजन ऱ्हातं बाजूला." आणि आमचा चेहरा पाहून आमचीच समजूत घालू लागले, "तुमचं काय चुकलं न्हाई. टाळ माझाच चुकला व्हता."

त्या तीन वर्षांत बहात्तर तरी एकादश्या झाल्या असतील. प्रत्येक एकादशीला काम, क्रोध, लोभ असे एकेक नाव घेऊन मन तपासण्याचा आमचा नेम आहे. त्या यादीत हा मनुष्य एकदाही आला नाही. कारण आम्हांस त्याच्यावर राग नव्हता, लोभ नव्हता, मत्सर नव्हता. थोडासा विनोद होता, बस्स. एका माणसाचे भजन आम्ही काढून घेतले आणि आमच्या चोपडीत त्याची नोंद कोऱ्या पानावरही नव्हती.

ज्ञानेश्वर महाराज तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वापासून आरंभ करतात. गीतेतच तो क्रम आहे, हे खरे. पण पाठशाळेत आम्हांस नेहमी वाटे की अहिंसा आधी हवी होती. मान नको म्हणणे ही त्या मानाने लहान गोष्ट. आता वाटते, ज्याला मान हवा त्याच्या हातून हिंसा कशी होते ते त्याला दिसतच नाही. आम्हांस मांडवाचे हसू हवे होते. त्यासाठी जवळ जो होता तो वापरला.

पाद्रीबाबांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही शेवटी आपल्याच घरात येऊन पोचलो. माउलींच्या पालखीची शिस्त हैबतबाबांनी घालून दिली. तिच्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती असते, ती सर्वांना ठाऊक आहे. दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी चालू असतात. चोपदार दंड उंच करून "हो" म्हणतो आणि एका क्षणात सारे शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, सर्वांसमक्ष त्याचा निकाल लागतो. केवढी सुंदर रीत! बोलावयाचे धैर्य नसेल त्याने नुसता टाळ थांबवू नये. पण हे दिंडीचे गाऱ्हाणे झाले. दिंडीच्या आत, दिंडीच्याच महाराजांविरुद्ध, टाळ कोण वाजवणार?

म्हणून गेल्या आषाढीच्या वारीत आम्ही आमच्या तंबूत तसाच पाठ ठेवला. रात्री आमची आरती झाली की एका पोराने हात वर करावयाचा, सर्वांनी थांबावयाचे, आणि आमच्याविषयी ज्याला काही म्हणावयाचे असेल त्याने वाजवीत राहावयाचे. पुण्याला सगळे शांत. सासवडला शांत. जेजुरीला शांत. आम्ही मनात खूष होऊ लागलो होतो, हे लिहून ठेवतो. जुने टाळकरी एकमेकांकडे बघत आणि टाळ छातीशी धरून ठेवत. वाजवणारा कोण ते सर्वांना दिसते, ही अडचण आम्हांस आधी सुचली नव्हती.

वाल्ह्याच्या मुक्कामी हात वर झाला आणि मागून ठण ठण आवाज येत राहिला. टाळ नव्हता. स्वयंपाकाकडची एक बाई ताटावर उलथने वाजवीत होती. तिला पुढे बोलावले. ती पुढे आली नाही, तेथूनच म्हणाली,

"महाराज, तुमचं कीर्तन पंगतीनंतर असतं. त्या वक्ताला आम्ही भांडी घासतो. अकराला आडव्या होतो, तीनला टँकरवर नंबर. आणि तुम्ही रोज कीर्तनात म्हणता, बायकांचं चित्त चुलीत, कीर्तनात न्हाई. आम्ही बसायचं कवा?"

मांडवात कोणी हसले नाही. आम्हांस राग आला. खरोखर आला, कानशिले तापली. आणि सवयीप्रमाणे दृष्टान्तही तयार होता. जनाबाईचा. जनी दळीत होती, दळताना नाम घेत होती, तिने कुठे तक्रार केली? विठोबा स्वतः येऊन दळू लागला. एवढे ओठांपर्यंत आले आणि तेथेच अडकले. कारण त्या गोष्टीत दळू लागणारा कोण आहे ते ध्यानात आले.

लोणंदला पंगत उठल्यावर आम्ही मोठ्या पातेल्यापाशी बसलो. कीर्तन त्या रात्री उशिरा सुरू झाले. पातेले घासण्याची सवय नव्हती, राख हाताला लागे, भांड्याला लागेना. घासून झाले म्हणून बाजूला ठेवले. ती बाई आली, तिने पातेले कंदिलाकडे धरून आतून पाहिले, बोट फिरवले, आणि काही न बोलता ते पुन्हा आमच्यापुढे ठेवले.